नसीमचा अक्रोड, माझी बर्फी

नसीम अक्रोड कानाला लावून ऐकायची. लोक शंख लावतात तसा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नांदेडच्या इतवाऱ्यात वडिलांच्या सुक्यामेव्याच्या दुकानात पायरीवर बसून ती हेच करत होती, आणि गिऱ्हाईक मी होते. तराजूतला माझा एकेक अक्रोड तिनं उचलला, कानाशी हलवला आणि दोन ढीग केले. "हा भरेल हाय. हा बी. हा रिकामा. हा..." ती थांबली, पुन्हा हलवला आणि गल्ल्यावरच्या वडिलांना म्हणाली, "अब्बा, ह्याला मरून दोन उन्हाळे झाले. मय्यत कशाला विकून राहिलात?"

अब्बांनी कपाळाला हात लावला. मी मात्र भडकले. तेव्हाची शकुंतला, म्हणजे मीच, धर्माबादहून नुकतीच कॉलेजला आली होती. धर्माबादेत ती सगळ्यांत हुशार होती. तिथं मिरची जिभेवर ठेवून भाव सांगणारी माणसं पुष्कळ, पण शहाणपण जिभेवर ठेवून बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचं निभावलं होतं. ती तोऱ्यात म्हणाली, "मला सगळे चालतील. अक्रोड काय, दिसायला सारखेच!"

नसीमनं वर पाहिलं. "माणसं बी दिसायला सारखीच असत्यात," ती म्हणाली, "हलवून बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात माझ्याच बाकावर येऊन बसली. पुढं जन्मभर तिनं मला हलवून पाहिलं. मी भरलेली निघाले की रिकामी, ते मात्र कधी सांगितलं नाही.

कॉलेज संपल्यावर मी बी.एड. केलं, लातूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि मुरुडच्या एका शेतीवाल्या घरात सून म्हणून गेले. नसीम वनस्पतिशास्त्रात पुढं पुढं शिकत गेली ती थेट हिमालयात, एका संशोधन केंद्रात पोचली. डोंगराच्या उतारावर तिचं वावर होतं, आणि त्या वावरात देशोदेशीचे अक्रोड होते. इराणचे, चीनचे, फ्रान्सचे, काश्मीरचे, शिवाय मध्य आशियातल्या एका जंगलातले, जिथं अक्रोड आपल्याकडच्या पळसासारखा आपोआप उगवतो. जगातल्या जाती शोधायच्या, आणायच्या, जगवायच्या आणि कोण कसा वागतो ते बघत बसायचं, हे तिचं काम. "माणसाला व्हिसा लवकर मिळतो," ती म्हणायची. "अखरोटाला न्हाई. त्याला आधी एकटं कोंडून ठेवतात, रोगबीग न्हाई ना बघतात, मग घरात घेतात. सुनेला बी असंच घ्यायला पाहिजे म्हणत्यात तुझ्या सासूबाई."

डॉक्टरेट झाली तरी तिची भाषा इतवाऱ्यातून हलली नाही. मी मात्र लातूरला गेल्यागेल्या पुणेरी बोलायला लागले होते. 'हाय' म्हणणाऱ्या मुलींना मी वर्गात उभं करायची. एकदा नसीम शाळेत भेटायला आली आणि साऱ्या वर्गासमोर म्हणाली, "शकू, लई दिवसांनी दिसून राहिलीस गं!" मुलींनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर मी त्यांतल्या एकीलाही उभं करू शकले नाही.

झाडं झोपायला लागली की तिला रजा मिळायची. म्हणजे दिवाळीच्या सुमाराला ती यायची, नांदेडला अम्मीकडे राहून मग चार दिवस आमच्याकडे. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिचे हात हातात घेतले. बोटं पार काळी, नखंसुद्धा.

"आगं बया, पोरीचे हात भाजले काय?"

"न्हाई मावशी. अखरोटावर हिरवी साल असती, तिचा रंग हाय. धुतला तर जात न्हाई. त्या जंगलात अखरोट पिकला की गावंच्या गावं राहायला जातात, शाळेला सुट्टी असती. सगळ्यांचे हात असेच, मास्तरचे बी."

"आन् लगीन?"

"मावशी, माझ्या घरी किती मुलखांची लेकरं हायत! एकाला बी डबा करून द्यावा लागत न्हाई."

सासूबाईंना हे उत्तर इतकं पसंत पडलं की संध्याकाळपर्यंत त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं, दोन्ही वेळा मी डबे भरत असताना.

तिच्या कामाचं मर्मही सासूबाईंनाच आधी कळलं, मला नाही. मी विज्ञानाची बाई. मी विचारलं, "अक्रोड तर दुकानात मिळतात. वाचवायचंय काय त्यात?" नसीम सांगायला लागली, की बाजाराला एकाच तऱ्हेचा अक्रोड हवा असतो, पातळ कवचाचा, पांढऱ्या गराचा. मग लोक तेवढाच लावतात. बाकीचे तोडून त्यांची कपाटं करतात. आणि एखाद्या वर्षी हवा फिरली की ते एकसारखे सगळे एकदमच आडवे होतात. मी मान डोलावत होते, कारण मान डोलावणं मला चांगलं जमतं. सासूबाई जात्याशेजारून म्हणाल्या, "म्हंजी आपल्या दगडी ज्वारीवानी. गूळभेंडीवानी. हायब्रीड आली आन् बियाला बी उरली न्हाई."

"हौ मावशी!" नसीम ओरडली. "तुम्हीच या माझ्याकडं नोकरीला."

एका दिवाळीला मात्र ती आली ती गप्पच. जेवताना चपातीचा तुकडा हातात तसाच. मी विचारल्यावर म्हणाली, "झाडांना झोप मिळून न्हाई राहिली."

अक्रोडाला हिवाळाभर गाढ झोप लागते, आणि ती थंडी देते. तिच्या डोंगरावर थंडी कमी व्हायला लागली होती. झोप पुरी झाली नाही की वसंतात झाड धड जागं होत नाही. एक फांदी उठते, दुसरी लोळत पडते. "नराची फुलं येऊन, वाट बघून, गळून जातात," नसीम म्हणाली, "आन् मादीची फुलं तवर डोळेच चोळत असत्यात. सोयरीक जमणार कशी?" तिला हवा होता कमी झोपेचा एक अक्रोड, कुठल्यातरी गरम मुलखात फळणारा. तो सापडला तर त्याच्याशी इतरांची लग्नं लावून पुढच्या पिढीला कमी थंडीत जगायला शिकवता आलं असतं. नाही सापडला तर तिनं तरुणपणापासून गोळा केलेली ती सगळी लेकरं उभ्या जागी वांझ होणार होती. ती कितीतरी खोरी धुंडाळून आली होती. खाली, गरम गावांत उतरून विचारलं की लोक हसायचे, वर बोट दाखवायचे. "अखरोट? ऊपर जाओ, बहनजी."

पुढच्या दिवाळीआधी मी मुरुडला आमच्या ओढ्याकडच्या वावरात गेले. त्या वावराला घरात 'अक्रोडाचं वावर' म्हणत. मी ते नाव लग्नापासून ऐकत होते, पण आमच्याकडे नावावर कोण जातं? लिंबाच्या वावरात लिंब नाही आणि विहिरीच्या वावरात विहीर बुजलेली. त्या दिवशी पहिल्यांदा बांधाच्या टोकाला गेले तर तिथं एक भलंमोठं झाड, आणि त्याखाली पडलेली गोल, टणक फळं.

"हे कसलं झाड?" मी आमच्या ह्यांना विचारलं.

"अक्रोडाचं. पंजोबांनी हैदराबादेहून एका बागेतून रोप आणलं होतं. तिथला माळी अखरोटच म्हणाला होता. अगं, लहानपणी आम्ही त्याचे गर काडीला ओवून पेटवायचो. मेणबत्तीसारखे जळतात."

"बघा! म्हणजे तेल किती असेल त्यात! उत्तम जात!"

सासूबाई म्हणाल्या, "पोटाला बरं नसतंय ते. आमच्या आत्याबाईंच्या दिरानं खाल्ला हुता."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय, दिवसभर वावरातच हुता."

"शेतकरी माणूस वावरात नाही तर कुठं असणार?" मी म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, ही विज्ञानाची शिक्षिका. ही आठवीला पानांचे प्रकार शिकवायची. साधं पान आणि संयुक्त पान. संयुक्त पानाची आकृती ही फळ्यावर रंगीत खडूनं काढायची, आणि उदाहरणं सांगताना दरवर्षी न चुकता म्हणायची: कडुलिंब, चिंच, अक्रोड. हे सगळं खरं आहे. फक्त त्या बाईंनी अक्रोडाचं पान फळ्याखेरीज कुठंच पाहिलं नव्हतं, आणि फळ्यावरचं पान झाडावर शोधायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी लातूरला येऊन एसटीडी बूथवरून फोन लावला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "नसीम! आमच्या वावरात अक्रोड फळलाय!"

लाईनला खरखर होती. मग, "कुठं?"

"मुरुडला!"

"त्या उन्हात? पान कसं हाय?"

"पानासारखं! हिरवंगार."

"आन् फळ?"

"गोल. दगडानं फोडावं लागतं. आत पांढरा गर, तेलकट. घरात सगळे अक्रोडच म्हणतात, पंजोबांपासून!"

"थंडी किती पडती तिथं?"

"थंडी? सासूबाई संक्रांतीला शाल घेतात, तेवढी."

मग ती हळू म्हणाली, "मी येते. फांदीला कुणाला हात लावू देऊ नक्को." तिच्या आवाजात काय होतं ते त्या शकुंतलाबाईंना ऐकू आलं नाही. त्या मनातल्या मनात सत्काराची साडी निवडत होत्या.

साडी इरकल नेसायची ठरली. मुख्याध्यापिकाबाईंना लातूरहून बोलावणं गेलं, मुरुडच्या सरपंचांना गेलं, एका वर्तमानपत्राच्या वार्ताहरालाही गेलं. त्याच्यासाठी मी झाडाच्या बुंध्यावर एक हात ठेवून कसं उभं राहायचं ते आरशासमोर कपाटावर हात ठेवून पाहून ठेवलं. झाडाखाली सतरंजी, खुर्च्या, माईक. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्याच झाडाच्या गरांची बर्फी. गर थोडा कडवट होता. मी साखर दुप्पट घातली, वेलदोडा चौपट. बर्फी सुरेख झाली. अजूनही कधी कधी मला वाटतं, बर्फी म्हणून तिच्यात काही खोट नव्हती.

नसीमची बस उशिरा आली. तोवर पाहुण्यांना चहाबरोबर बर्फी देऊन झाली होती. मी डबा घेऊन स्टँडवर. हिमालयापासून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड असं करत ती उतरली तेव्हा तिच्या केसांत धूळ होती आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. मी तिथंच बर्फीचा तुकडा तिच्या तोंडात घातला.

ती चावली. थांबली. डोळे मिटले.

"कशी झालीय?"

"गर भाजलास का नीट?"

"हो तर."

तिनं तुकडा गिळला. "चांगली हाय," ती म्हणाली आणि भराभर चालायला लागली. "झाड दाखव."

उसाच्या कडेनं वाट होती. मी पुढं बोलत, ती मागं. बांधावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या बोलण्याला मागून हुंकार येत नाही. वळून पाहिलं तर ती लांबच उभी राहिली होती. झाड उन्हात रुपेरी दिसत होतं, पानांवर कुणी पीठ भुरभुरवल्यासारखं. रुंद, कोनाकोनांची, एकेकटी पानं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग सावकाश आली.

"शकू, तू शाळेत पानं शिकवतीस ना?"

"आठवीला!"

"संयुक्त पान काढतीस फळ्यावर?"

"रंगीत खडूनं!"

"हं," ती म्हणाली. झाडाजवळ जाऊन तिनं बुंध्यावर हात ठेवला, अगदी मायेनं, दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

इकडे माझं भाषण सुरू झालं होतं. काश्मीर आता मुरुडला आलं आहे, वगैरे. वार्ताहर लिहून घेत होता. मग मी नसीमच्या हातात माईक दिला आणि म्हणाले, आता जगातले अक्रोड पाहिलेल्या विदुषी आपल्या ह्या अक्रोडाबद्दल बोलतील. टाळ्या झाल्या. सगळे कान टवकारून बसले.

नसीम माईकमध्ये म्हणाली, "आधी मला एक सांगा. बर्फी कोणी कोणी खाल्ली?"

सगळ्यांनी हसत हात वर केले. वार्ताहरानं दोन्ही हात वर केले, त्यानं फार खाल्ली होती. त्याच वेळी सरपंच, ज्यांनी हात वर केला होता, तो तसाच वर ठेवून उठले आणि तुरीच्या वावरात शिरले.

"मावशी," नसीम सासूबाईंना म्हणाली, "घागरभर पाण्यात मीठ-साखर कालवा. दोन घागरी कालवा."

पुढच्या दुपारचं वर्णन मी नातवंडांना हावभावांसकट करून दाखवते, इथं कागदावर करणार नाही. एवढंच सांगते, की त्या वर्षी तूर उंच होती ही देवाचीच कृपा, आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाई त्यानंतर मला कधी शिस्तीबद्दल काही बोलल्या नाहीत, कारण आम्ही एकमेकींना एकाच ओळीत बसलेलं पाहिलं होतं. नसीम स्वतः लोटा घेऊन पळत होती, आणि परत आली की पाणी वाटत होती, लिंबू पिळत होती, सगळ्यांना सांगत होती, "घाबरू नक्का. पोट रिकामं झालं की थांबतं. ह्यानं कुणी मरत न्हाई, नुसतं वाटतं तसं." बांधावर टेकून बसलेल्या सासूबाई, ज्यांनी बर्फीला बोट लावलं नव्हतं, म्हणाल्या, "नशीम, तुझ्या अक्रोडानं गाव रिकामं केलं गं."

"माझा न्हाई मावशी. तुमच्या सुनेचा."

झाड निघालं जंगली अक्रोडाचं. नावातच काय तो अक्रोड. अक्रोडाशी त्याचं नातं नाही, नातं एरंडाशी. एरंडेल तेल ज्या घराण्यातलं, त्या घराण्यातला हा. हे नसीमनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आम्ही दोघी बाजेवर पडून दहीभात खात होतो, पिळून वाळत घातलेल्या धुण्यासारख्या. वार्ताहरानं बातमी दिली नाही. त्यानं ते आपल्या जिवावर बेतल्यामुळे केलं असं म्हणतात, पण मी त्याचे उपकार मानते.

मी रडत होते. थोडं अशक्तपणानं, थोडं इरकलीसाठी, आणि थोडं, अगदी उशिरा सुचलेलं, नसीमसाठी. ती एवढ्या लांबून कशाला आली होती ते मला आत्ता कुठं कळत होतं. मी म्हणाले, "तुला स्टँडवरच कळलं असेल की. डोळे मिटूनही तू अक्रोड ओळखतेस. मग थुंकलीस का नाहीस?"

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "जिभेनं सांगितलं होतं गं. पहिल्या घासालाच. मीच म्हटलं, वेलदोडा जास्त झाला असेल. मुरुडची माती येगळी असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आसेला चव नसती, शकू. आस असली की माणूस एरंड बी गिळतो."

मी जोरात रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नक्को, अंगातलं पाणी कमी होतं," आणि लोटा उचलून पळाली.

परत आली ती वेगळीच. वाटेतूनच हाक मारत आली. तुरीच्या वावरात संशोधन होतं यावर माझा विश्वास तेव्हापासून आहे. "शकू! तुम्ही लोक ह्या एरंडाच्या पाव्हण्याला पंजोबापासून अक्रोड म्हणून राहिलात. उद्या मी गावात येऊन विचारलं, अक्रोड हाय का, तर तुम्ही ह्याच्याकडंच नेणार. हाय ना?"

"परत नाही नेणार गं बाई."

"तसं न्हाई! आन् उलटं असलं तर? खालच्या गावात खरा अखरोट हाय, पण त्याला कुणी अखरोट म्हणतच नसलं तर? मी आजवर नाव विचारत फिरले. पोरगं हरवलं आन् मी नाव घेऊन हाका मारतेय, आन् त्या घरात त्याला बंड्या म्हणत असतील!"

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. सासूबाईंनी वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या. मी काही द्यायला गेले तर म्हणाली, "तू नक्को देऊ."

पुढं दोन-तीन दिवाळ्या ती आलीच नाही. मग एके दिवशी नांदेडहून निरोप आला, ये. मी गेले तर दुकानाच्या पायरीवर बसली होती, हात कोपरापर्यंत काळे.

"मिळाला," ती म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याला, जिथं घराघरांत पंखे लागतात अशा एका खोऱ्यात. ती गावोगाव फिरली ती नाव न घेता. बायकांना आपली बोटं दाखवून विचारायची, असे हात कुठल्या झाडानं होतात? एका गावात बायकांनी लगेच ओढ्याकडे बोट दाखवलं. तिथं त्या झाडाला दातणाचं झाड म्हणत. त्याची साल दातांना घासत, त्यानं ओठ लाल होतात. फळ इतकं कठीण कवचाचं, की वानरंसुद्धा दोनदा आपटून फेकून देत. त्याला अखरोट म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अखरोट म्हणजे वरून पोत्यात येतो तो. तिनं पान मोजलं, कळी चिरून पाहिली, हिवाळाभर त्या गावात राहून त्याची झोप पाहिली. जेमतेम डुलकी काढून झाड ताजंतवानं उठलं.

"मुरुडात तू माझं तोंड काळं केलंस," ती हसून म्हणाली, "म्हणून मला काळे हात दाखवायचं सुचलं."

केंद्रात त्याची कलमं बांधली गेली. प्रत्येक झाडाला तिथं नाव असतं, बहुतेक मूळ गावाचं. हिनं त्याला नाव दिलं 'मुरुड'. मला फार आनंद झाला, आणि लगेच मनात आलंच ते मी बोलले. "माझंच द्यायचं होतं की. 'शकुंतला' किती छान वाटलं असतं."

"दिलं असतं. पण खायला कुणी धजलं नसतं."

मुरुड खाण्याच्या कामाचा नव्हताच. त्याचं काम लग्नाचं. पातळ कवचाच्या, झोपाळू जातींशी त्याची सोयरीक जुळवायची आणि झालेल्या पोरांतून पातळ कवच आणि कमी झोप दोन्ही घेतलेलं पोर निवडायचं. मी दर दिवाळीला विचारायची, झालं का? आणि ती म्हणायची, "घाई असलं तर मुळा लाव." लग्नं लावली, रोपं झाली, रोपांची झाडं होऊन ती फुलायला आणखी वर्षं गेली. तेवढ्यात माझ्या मुलांची लग्नं, त्यांची मुलं, सगळं उरकलं. नसीम निवृत्त होऊन नांदेडला आली तरी दर वसंतात वर जाऊन यायची.

मग तिचं दुखणं सुरू झालं आणि ते जाणं थांबलं. मी लातूरहून जाऊन बसायची. ती खिडकीशी पलंगावर, थंडी वाजते म्हणून पांघरलेली, आणि तरीही डोंगरावर थंडी किती पडली हेच विचारणारी. एकदा म्हणाली, "पोरं चांगली निघालीत असं वाटतं. पण खरं कळायला एक वाईट हिवाळा लागतो, शकू. चांगल्या हिवाळ्यात सगळेच शहाणे. बर्फ पडलंच न्हाई, झाडांना झोपच न्हाई, असा एक हिवाळा बघायचा होता. त्यात माझी पोरं उठली की मी सुटले." मग स्वतःशीच हसली. "बघ, लोक दुवा मागतात चांगल्या दिवसांची. मी वाईटाची मागून राहिले."

"मागू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या आसेचं मला माहीत आहे. एरंड गिळशील."

ती इतकी हसली की तिच्या भाचीनं येऊन मला ओरडून बाहेर काढलं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. बायका कबरस्तानात जात नाहीत. मी घरात तिच्या माणसांत बसून राहिले आणि मला रडू येईना. मला आपलं सारखं वाटत होतं, ही आता उठून विचारेल, बर्फी कोणी कोणी खाल्ली.

ह्या वसंतात मला फोन आला. वरच्या केंद्रातल्या एक संशोधक बाई, नसीमच्या हाताखाली शिकलेल्या. त्या हिंदीत बोलत होत्या आणि मी आमच्या हैदराबादी हिंदीत, म्हणजे दोघींनीही पुष्कळ धीर धरला. त्या म्हणाल्या, ह्या हिवाळ्यात आमच्याकडे बर्फ टिकलंच नाही. एवढा उबदार हिवाळा कुणाच्या आठवणीत नाही. वावरातली निम्मी झाडं अजून धड जागी नाहीत. मग त्यांचा आवाज बदलला. मुरुडची पोरं मात्र उठली, त्या म्हणाल्या. सगळ्या फांद्या एकदम. नरफुलं आणि मादीफुलं एकाच आठवड्यात. फळं धरलीत.

ज्या हिवाळ्याची ती दुवा मागत होती, तो हाच होता. त्यातच ती गेली होती.

  मग त्यांनी विचारलं, आम्ही प्रत्येक झाडापुढे पाटी लावतोय, त्याचं मूळ कुठलं, नाव कशावरून पडलं ते सांगणारी. मुरुड हे गाव आम्हाला नकाशात सापडलं, पण ते तर फार गरम मुलखात आहे. मॅडमना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या, म्हणायच्या, शकूला विचारा. आपण तिथं अक्रोड शोधला होता का?

खरं सांगते, माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. पाटी, तीही हिमालयात! पण तेवढ्यात ती इरकल नेसलेली, झाडावर हात ठेवून उभी राहिलेली बाई मला दिसली, आणि मी सगळं सांगून टाकलं. वावर, माईक, सरपंच, तूर. पलीकडे त्या बाई हसून हसून दमल्या. मग म्हणाल्या, "लेकिन माँजी, बोर्ड पे क्या लिखूँ?"

मी म्हणाले, "लिहा, मुरुडला अक्रोड होत नाही. तिथं एकदा नसीम आली होती."